उंटावरचे शहाणे

रांजणात तोंड अडकलेल्या वासराची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. पाणी प्यायला गेलेल्या वासराचे डोके रांजणात अडकते. घरची माणसे गोंधळून जातात आणि गावातल्या शहाण्याला बोलावणे धाडतात. शहाणा येतो तो उंटावर बसून. वाड्याचा दरवाजा ठेंगणा, पण शहाणा काही उंटावरून उतरायला तयार नाही. तेव्हा त्याच्यासाठी दरवाजा पाडला जातो. आत येऊन तो आधी वासराचे मुंडके छाटायला सांगतो आणि मग ते मुंडके काढण्यासाठी रांजण फोडायला सांगतो. वासरू गेले, रांजण गेला, दरवाजाही गेला. या सगळ्यात उंटाचा काडीचाही दोष नव्हता, ही गोष्ट मात्र कथेकरी कधी सांगत नाहीत. मी ती मुद्दाम येथे नोंदवून ठेवतो. कारण पुढे मला जे लिहावयाचे आहे ते उंटाविरुद्ध नाही. ते त्याच्यावर बसणाऱ्यांविरुद्ध आहे, आणि त्या बसणाऱ्यांत मी स्वतः होतो.

गेल्या मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील आमची चार कुटुंबे रायगड जिल्ह्यातील एका समुद्रकिनाऱ्यावर सहलीस गेली. घाटाखालच्या मलकापूर-खामगाव भागात मे महिना कसा असतो हे येथील वाचकांना सांगायला नको. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश तापमान, टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी आणि दुपारी ओस पडलेले रस्ते! अशा वेळी माणसाला समुद्र आठवला तर त्यात नवल नाही. मलकापूरहून रात्रीची गाडी धरून आम्ही मुंबईस गेलो, गेटवेवरून बोटीने मांडव्यास उतरलो आणि दुपारी सुरूच्या बनातल्या एका साध्या घरी मुक्कामास पोहोचलो. तेथवर सारे उत्तम होते.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तो एका तरुणाने हातात छापील कागद दिला. एका पैशात दोन मौजा, असा त्याचा मतितार्थ. आधी उंटावरून किनाऱ्याची फेरी, आणि मग चार जाड चाकांच्या त्या फटफटीवर, जिला तेथे ‘एटीव्ही’ म्हणतात, ओल्या वाळूतून भरधाव चक्कर. मुलांनी हट्ट धरला. आम्ही मोठी माणसेही मनातून काही कमी उत्सुक नव्हतो. पैसे मीच मोजले.

पुढचे थोडक्यात सांगतो. माझी अकरा वर्षांची पुतणी बसलेल्या उंटाच्या पलाणावर चढत होती. एक पाय वर, एक हात उंटवाल्याच्या खांद्यावर. तेवढ्यात आठ-दहा हातांवरून एक एटीव्ही कानठळ्या बसविणारा आवाज करीत गेली. तिच्यावर पुढे बसलेला मुलगा चौदा वर्षांचाही नसेल. मागे बसलेला माणूस हसत चित्रीकरण करीत होता. उंट बिचकला आणि अर्धवट उठला. उंट उठताना आधी मागचा भाग उचलतो, म्हणजे वर बसणारा पुढच्या बाजूस फेकला जातो. पोरगी तोंडावर पडली आणि कोपराचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. वाळूवर पडल्यामुळे एवढ्यावरच निभावले, असे डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री माझी भावजय एवढेच म्हणाली, “भाऊजी, उंटवाल्याला बोलू नका हं. त्याचा काय अपराध?” मी त्याला बोललो नव्हतोच, पण दुसऱ्या दिवशी त्याला शोधून काढले. विशीतला पोरगा. उंट त्याचा नव्हताच. मालक दुसरीकडे राहतो, याला दिवसाची मजुरी मिळते. उंट बिचकतो हे त्याला ठाऊक होते. ती गाडी पलीकडे चालवा असे त्याने अनेकदा सांगूनही पाहिले होते. पण गाडीचा मालक आणि उंटाचा मालक यांनी मिळूनच तो छापील कागद काढला होता. दोन्ही मौजा शेजारी-शेजारी हव्यात म्हणजे गिऱ्हाईक हलत नाही, हा त्यांचा हिशेब.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अपघात कोठेही होतात; केवळ अपघात झाला म्हणून मी हा लेख लिहावयास बसलो नसतो. माझे म्हणणे असे की, जनावर आणि यंत्र यांना एकाच पट्ट्यात, एकाच तिकिटात बांधणे ही मुळातच अडाणी कल्पना आहे, आणि तिला पैसे पुरविणारे आपण सुशिक्षित लोक त्या कथेतल्या शहाण्याचे सख्खे वंशज आहोत.

आम्हा बुलढाणेकरांना उंट नवा नाही. कापूस वेचून झाला, ज्वारी निघाली, की आमच्या शिवारांत मेंढरांचे मोठमोठे कळप घेऊन भटके पशुपालक उतरतात. लोक त्यांना सरसकट ‘काठेवाडी’ म्हणतात. वस्तुतः त्यांतले पुष्कळ कच्छचे रबारी आहेत. पुरुषांची पांढरी वस्त्रे, स्त्रियांची काळी लोकरी वस्त्रे, आणि पुढे संथ चालणारे उंट. उंटाच्या पाठीवर उलटी टाकलेली खाट. खाटेच्या पायांच्या मध्ये पाण्याची भांडी, गोधड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि त्या कोकरांच्या बरोबरीने एखादे तान्हे मूल. अख्खा संसार त्या एका पाठीवर. शेतकरी त्यांना शेतात मेंढरे बसवायला बोलावतो, कारण लेंडीखतासारखे खत नाही. मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. लहानपणी आम्ही त्यांच्या तळाभोवती तासन्‌तास उभे राहत असू. उंटावर बसण्याची इच्छा व्हायची; पण तसे कोणी विचारले नाही, कारण तो कामावरचा प्राणी होता. नांगराच्या बैलावर कोणी हौसेने बसते का?

हा उंट चालतो कसा, ते पाहावे. दोन बोटांचा त्याचा पाय खाली टेकताच पसरतो. वाळूत तो रुतत नाही आणि वाळू कापीतही नाही. शरीराचे तापमान दिवसभरात पाच-सहा अंशांनी वर-खाली होऊ देऊन तो घामाचे पाणी वाचवितो. तहानलेला असला तर दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पाणी पितो. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात रिबका अब्राहामाच्या सेवकाच्या दहा उंटांना पाणी पाजते, ते आपण विवाहविधीच्या प्रवचनांतून किती सहज ऐकून सोडून देतो! दहा तहानलेले उंट म्हणजे त्या मुलीने विहिरीतून किती घागरी शेंदल्या असतील, याचा हिशेब मी हा लेख लिहिताना प्रथमच केला आणि तिच्याविषयीचा माझा आदर दुणावला. जाता जाता हेही सांगतो की आपल्या नाताळच्या गोठ्यातले मागींचे उंट मत्तयच्या शुभवर्तमानात नाहीत. ते यशयाच्या साठाव्या अध्यायातून आलेले आहेत. असो.

परंतु ही सारी किमया कोरड्या हवेसाठी आहे. दमट हवेत घाम वाळत नाही आणि गोमाशांमुळे पसरणारा ‘सर्रा’ नावाचा रोग उंटांना अशाच ठिकाणी गाठतो. समुद्राशी मैत्री असलेला उंट आपल्या देशात आहे, नाही असे नाही. कच्छमधला ‘खाराई’ उंट भरतीच्या पाण्यात पोहत खाडीतल्या बेटांवर जातो आणि तेथील तिवरांचा पाला खाऊन जगतो. २०१५ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. फकिराणी जत आणि रबारी हे त्याचे सांभाळकर्ते. वाळवंट आणि समुद्र जेथे खरोखर भेटतात तेथे माणसाने आणि उंटाने मिळून असे जगणे घडविले आहे. आपल्या किनाऱ्यांवर गोंडे आणि घुंगरू लावून फिरणारा उंट हा त्या जगण्यातून उचकटून आणलेला एक तुकडा आहे, आणि त्याच्या शेजारी आपण ठेवले आहे काय, तर पेट्रोलचे एक यंत्र.

त्या यंत्राविषयी आता दोन शब्द. हे शेतीत आणि डोंगराळ मुलखातही वापरले जाणारे वाहन आहे. तेथे ते कामाचेही आहे. परंतु त्याचा गुरुत्वमध्य उंच असतो, वळणावर ते सहज उलटते आणि उलटल्यावर दोन-अडीचशे किलोंचे ओझे चालकाच्या अंगावर येते. अमेरिकेत मुलांचे इतके अपघात झाले की १९८८ साली तेथील सरकारी आयोगाने कारखानदारांशी न्यायालयीन करार केला. तीन चाकांच्या गाड्यांची विक्री थांबली आणि मोठ्यांच्या आकाराची गाडी सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये, अशी ताकीद देणे भाग पडले. आपल्याकडे अकरा-बारा वर्षांच्या पोरांना तिच्यावर बसवून मागून आईबाप टाळ्या वाजवितात.

आपला कायदा काय म्हणतो? १९८८च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाने सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवावयाची नाही. लहान इंजिनाच्या दुचाकीपुरती सोळा वर्षांची सवलत आहे. २०१९च्या दुरुस्तीनुसार मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. यावर एखादा वकील म्हणेल की हे यंत्र रस्त्यासाठी बनविलेलेच नाही, त्याची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, म्हणून ते कायद्याच्या व्याख्येतले मोटारवाहनच नव्हे. म्हणजे पाहा, हात मोडण्यापुरते ते वाहन आहे आणि जबाबदारी घेण्यापुरते नाही!

उंटाविषयीही नियम आहेत. भारवाहू जनावरांसंबंधीचे १९६५चे नियम सांगतात की उंटाच्या पाठीवर अडीचशे किलोंहून अधिक ओझे लादू नये, दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि जेथे तापमान सदतीस अंशांहून वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन त्याला कामास जुंपू नये. दोन माणसे आणि एक मूल यांचे वजन अडीचशे किलोंच्या आतच भरते, तेव्हा ओझ्यापुरता नियम बहुधा पाळला जातो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कोकणात सदतीस अंशही क्वचितच होतात. परंतु दमट हवेचा आणि सततच्या कर्कश आवाजाचा विचार साठ वर्षांपूर्वीच्या त्या नियमकर्त्यांनी केलेला नव्हता; त्यांच्या डोळ्यांसमोर ही जोडगोळी नव्हतीच.

ही जोडगोळी आली कोठून? आखातातून. आपल्या समाजातील, विशेषतः वसई-मुंबईकडील, अनेक घरांतली माणसे तेथे नोकरीस आहेत आणि तेथल्या ‘डेझर्ट सफारी’ची चित्रे घरोघरी पोहोचली आहेत. कतारमध्ये मेसईदच्या दक्षिणेस सीलाईन म्हणून जागा आहे. तेथे वाळूच्या प्रचंड टेकड्या थेट समुद्रात उतरतात. एका बाजूस भाड्याच्या चारचाकी फटफट्या आणि दुसरीकडे सजविलेले उंट. त्याच्या पलीकडे खोर अल-उदैदचे संरक्षित क्षेत्र आहे. दुबईतही वाळवंटाचा सव्वादोनशे चौरस किलोमीटरांचा भाग राखून ठेवून तेथे गाड्यांवर बंधने घालावी लागली. म्हणजे ज्यांच्याजवळ नजर पोहोचणार नाही एवढी वाळू आहे त्यांनाही कुंपण घालण्याची वेळ आली. आणि आपण? आपल्या किनाऱ्याची वाळू भरतीच्या वेळी काही पावलांची पट्टी होऊन उरते. त्या पट्टीत पोहणारी मुले, जाळे ओढणारे कोळी, भेळवाले, घोडागाड्या, उंट, आणि त्यांतून वाट काढीत ही यंत्रे! आखाताची नक्कल करावयाची तर आखाताएवढी जागा तरी कोठून आणणार?

आखाताच्या उंटांच्या मौजेला एक काळा इतिहासही आहे, तो विसरू नये. शर्यतीच्या उंटावर वजन कमी हवे म्हणून पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतील चिमुकली मुले आणून बसविली जात. संयुक्त अरब अमिरातीने २००५ साली कायद्याने हे बंद केले आणि युनिसेफच्या मदतीने हजाराहून अधिक मुले मायदेशी धाडली. त्यांच्या जागी पलाणावर यंत्रमानव आले.

वाळूचेही काही ऐकावे. आपल्या किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वर जांभळ्या फुलांची एक वेल पसरते. कोकणी माणसाने तिला नाव दिले ‘मर्यादवेल’. समुद्राने कोठवर यावे हे ती सांगते आणि वाळू धरून ठेवते. चाकाखाली पहिली मरते ती हीच. तिच्या आसपास ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात रात्री येऊन दीड-दोन फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ सालापासून वेळासच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन ही घरटी राखली. वेळासमध्ये लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येतात, गावातल्या घरी राहतात, आमटी-भात आणि मोदक खातात, आणि गावाला चार पैसे मिळतात. रुपया-दोन रुपयांएवढी ती पिल्ले चाकाच्या खोल चाकोरीत पडली तर बाहेर येऊ शकत नाहीत. ऊन चढते, कावळे येतात. २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या घरट्यांच्या जागा अतिसंवेदनशील वर्गात घातल्या आहेत त्या उगाच नव्हेत.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते मला आमच्या घरातच ऐकावे लागले. पहिला आक्षेप पोटाचा. उंटवाल्याने आणि गाडीवाल्याने खायचे काय? प्रश्न खरा आहे आणि तो मला अवघड वाटतो. त्या मजूर पोराचे तोंड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझे उत्तर असे की मी उंटाची फेरी बंद करा म्हणत नाही. तिच्याजवळून यंत्र हटवा म्हणतो. गाड्यांसाठी किनाऱ्यापासून दूर एखादी पडीक जागा ग्रामपंचायतीने नेमून द्यावी, शिरस्त्राण सक्तीचे करावे, मुलांना मज्जाव करावा. यात एखाद्याचा धंदा थोडा कमी होईल, हे मी लपवीत नाही. ते नुकसान मला मान्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर. माझा भाचा म्हणाला, “मामा, उंटाला काम उरले नाही म्हणूनच तो संपत चालला आहे ना? मग हे काम तरी राहू द्या.” आकडे त्याच्या बाजूने आहेत. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते. २०१९मध्ये ते अडीच लाखांवर आले. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यपशू ठरविले, २०१५ साली कत्तल आणि परराज्यात नेण्यावर कायद्याने निर्बंध घातले, तरीही घसरण थांबली नाही. उलट गिऱ्हाईकच उरले नाही, असे पाळणारे सांगतात. पण किनाऱ्यावरच्या एकट्यादुकट्या उंटाने उंटाची जात कशी वाचेल? जात वाचते ती कळपाने, चराईने, दुधाच्या बाजाराने आणि त्या कळपामागे चालणाऱ्या माणसांना मान दिल्याने.

आणि त्या माणसांना आपण कोणता मान देतो? जानेवारी २०२२मध्ये आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर येथे पोलिसांनी पाच रबाऱ्यांना अडविले आणि त्यांचे अठ्ठावन्न उंट ताब्यात घेतले. उंट कत्तलीसाठी नेत आहेत, अशी कोणा प्राणिमित्राची तक्रार होती. आपल्या विदर्भाकडील आप्तांकडे उंट पोहोचवीत आहोत, पिढ्यान्‌पिढ्या असेच नेत आलो, असे ते सांगत राहिले. मोकळ्या रानात झाडपाला खाणारे ते उंट अमरावतीच्या गोरक्षणात बंदिस्त झाले. पुढे न्यायालयाच्या आदेशाने ते मालकांना परत मिळाले. मला यात विलक्षण वाटते ते हे की, पायी चालणाऱ्या कळपाच्या मागे कायदा इतक्या तत्परतेने धावला. आणि दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात पर्यटक वाहणारा उंट मात्र कोणा प्राणिमित्राच्या नजरेस पडत नाही. पडला तरी प्राणिमित्र बहुधा रांगेतच उभा असतो.

हे सारे समुद्रकाठचे. आम्हा घाटावरच्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. मौज वाट पाहत नाही, ती रस्ता धरून चढून येते. आमच्या जिल्ह्यात लोणारचे विवर आहे. जवळपास दोन किलोमीटर व्यासाचे, उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेले. २००० साली ते अभयारण्य झाले, नोव्हेंबर २०२०मध्ये रामसर यादीत गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राने गाड्या काढण्याचे मनसुबे रचले होते. ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ साली टिपेश्वरहून एक वाघ सुमारे तेराशे किलोमीटर चालत आला.  या जागांच्या भोवतालच्या माळावर उद्या कोणी ‘उंट आणि एटीव्ही’चा तंबू ठोकला, तर कोकणात पैसे मोजून आलेले आम्ही कोणत्या तोंडाने नको म्हणणार? पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकावर आम्ही धर्मग्रामात अभ्यासवर्ग घेतले होते. त्या वर्गात टिपणे काढणारे हातच त्या संध्याकाळी छापील कागद चाळीत होते. त्यांत माझाही हात होता.

पुतणीचे प्लास्टर आषाढात निघाले. दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या शेतात मेंढरे बसायला आली तेव्हा ती म्हणाली, “काका, मला उंट पाहायचाय. पण लांबून.” आम्ही बांधावर उभे राहिलो. एक रबारी बाई कोकराला खाटेत ठेवीत होती; उंट खाली बसून रवंथ करीत होता. पोरगी कोपर चोळीत बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, “हा का बिचकत नाही?” त्या शेतात एकही इंजिन चालू नव्हते, एवढेच मला दिसत होते.

येत्या मे महिन्याच्या सहलीसाठी आमच्या धर्मग्रामातल्या मंडळींनी पुन्हा पत्रक काढले आहे. त्यात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच ‘दोन मौजा’ छापलेली आहे. मी समितीला लेखी हरकत दिली असून ती ओळ काढावी आणि त्या पैशांत वेळाससारख्या एखाद्या गावात एक रात्र अधिक राहावे, असे सुचविले आहे. हरकतीवर आजवर सात कुटुंबांच्या सह्या झाल्या आहेत. निर्णय पुढच्या रविवारी, मिस्सेनंतरच्या सभेत व्हावयाचा आहे.